थेसिसवालं मास्टर्स करायचंय तर युनिव्हर्सिटी नको, आधी प्रोजेक्ट शोध

प्रश्न थोडक्यात असा आलाय: दापोलीच्या फॉरेस्ट्री कॉलेजात शेवटचं वर्ष चालू आहे, सीजीपीए साडेसातच्या आसपास, अमेरिकेत नॅचरल रिसोर्सेसमध्ये रिसर्चवालं एमएस करायचंय, घरी थोडी हापूसची कलमं आणि वडिलांची पतपेढीतली नोकरी, त्यामुळे चाळीस लाखांचं कर्ज काढणं शक्यच नाही, आणि एका कन्सल्टंटने दहा युनिव्हर्सिटींची यादी दिलीय तर त्यातली कुठली चांगली.

ती यादी बाजूला ठेव. मी हेच शिक्षण घेतलंय, जंगलाला आग लागून गेल्यावर झाडं परत कशी येतात यावर माझा थेसिस होता, आणि आता इथे अमेरिकेत याच कामात इतकी वर्षं आहे की नव्या मुलांचे अर्ज वाचणं हा दर हिवाळ्यातला उद्योगच झालाय. आणि दर वेळी तेच दिसतं, आपली मुलं कॉम्प्युटरवाल्या भावाचा किंवा मित्राचा मार्ग जसाच्या तसा उचलतात, म्हणजे रँकिंग बघा, अर्ज टाका, ॲडमिशन आलं की बँकेत जा. तिकडे ते चालतं कारण पुढे पगार तेवढा मिळतो. आपल्या क्षेत्रात पगार तेवढा नाही, कधीच नव्हता, त्यामुळे कर्ज काढून थेसिस करणं हा सरळ आतबट्ट्याचा व्यवहार आहे. पण गंमत अशी की बहुतेकांना ते कर्ज काढावंच लागत नाही, कारण इथे रिसर्चवालं मास्टर्स ही बऱ्यापैकी नोकरीच असते. प्रोफेसरला एखाद्या कामासाठी ग्रँट मिळते, त्या ग्रँटमध्ये एका एमएस स्टुडंटचा दोन-अडीच वर्षांचा स्टायपेंड आणि ट्युशन आधीच धरलेलं असतं, मग तो प्रोफेसर जाहिरात काढतो, अर्ज मागवतो, मुलाखत घेतो, माणूस निवडतो, आणि त्यानंतर तो निवडलेला माणूस युनिव्हर्सिटीला रीतसर अर्ज करतो. क्रम उलटा आहे हे नीट लक्षात घे. प्रोफेसरशी एक अक्षर न बोलता नुसता ऑनलाइन फॉर्म भरून शंभर डॉलर फी भरली तर बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये तो अर्ज कुणी उघडतसुद्धा नाही, कारण 'ॲडव्हायझर कोण' ही जागाच रिकामी असते.

अजून एक, डिग्रीच्या नावात गफलत करू नकोस. एमएस म्हणजे थेसिस असेलच असं नाही, बऱ्याच ठिकाणी थेसिस आणि नॉन-थेसिस असे दोन रस्ते असतात. आणि 'मास्टर ऑफ नॅचरल रिसोर्सेस' म्हणजे एमएनआर ही जी डिग्री व्हर्जिनिया टेक, ओरेगन स्टेट वगैरेंकडे आहे ती नोकरी करणाऱ्यांसाठी, कोर्सवर्कवाली, ऑनलाइनसुद्धा होते. डिग्री वाईट नाही पण तिच्यात असिस्टंटशिप, म्हणजे काम करायचं आणि बदल्यात स्टायपेंड-फीमाफी मिळवायची, ती सहसा नसते, फी स्वतः भरायची. तुझ्या यादीत अशा किती आहेत ते एकदा बघ, मला वाटतं निम्म्या तरी निघतील, कारण कन्सल्टंटला कमिशन फी भरणाऱ्या मुलांवर मिळतं, फुकट शिकणाऱ्यांवर नाही.

आता हा पैसा येतो कुठून ते समजून घे, कारण त्यावरच ठरतं की तुला कुठल्या विषयावर काम मिळणार. १८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्यात लँड-ग्रँट, म्हणजे सरकारने दिलेल्या जमिनीच्या जोरावर निघालेल्या, युनिव्हर्सिटी उभ्या राहिल्या, १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांच्याशी जोडलेली संशोधन केंद्रं आली, आपली कृषी विद्यापीठं याच धर्तीवर निघाली, म्हणजे दापोलीचं विद्यापीठही एका अर्थी त्याच कुळातलं. फॉरेस्ट्री रिसर्चला १९६२ च्या मॅकइंटायर-स्टेनिस कायद्यातून दरवर्षी पैसा येतो. आणि वन्यजीवांचा पैसा तर आपल्याला ऐकून विचित्र वाटेल, तो येतो बंदुकांमधून. १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा, त्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरचा अबकारी कर, लांब नळीच्या बंदुकांवर ११ टक्के, राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, आणि तिथून त्यातला काही युनिव्हर्सिटीतल्या रिसर्चकडे. माशांसाठी तसाच १९५० चा कायदा आहे, तो गळ-काठ्यांवरच्या करातून.

म्हणून जाहिराती वाचायला लागशील तेव्हा दिसेल की पांढऱ्या शेपटीचं हरण, एल्क, रानटी टर्की, बदकं, ट्राउट यांचीच गर्दी आहे. शिकारी पैसे देतात, शिकारीच्या प्राण्यांवर काम होतं, हिशोब साधा आहे. आपल्याकडची मुलं वाघ-बिबट्याची स्वप्नं घेऊन येतात आणि टर्कीची जाहिरात बघून नाक मुरडतात. माझं मत विचारशील तर टर्की घे. रेडिओ ट्रान्समीटर लावलेल्या टर्कीच्या पिल्लांचं जगणं-मरणं मोजायचं जे गणित आहे तेच पुढे कुठल्याही प्राण्याला लागतं, आणि टर्कीवाल्याकडे सॅम्पल साइज असतो, बिबट्यावाल्याकडे बहुतेक वेळा नुसते सुंदर फोटो. तू फॉरेस्ट्रीचा आहेस म्हणजे तुझ्यासाठी झाडांची बाजूही उघडी आहे, आग, कीड, कार्बन, रोपवाटिका, पाणलोट, तिथे वन्यजीवांपेक्षा अर्ज कमी येतात आणि रोपवाटिकेत खरंच हात घातलेला माणूस तर क्वचितच मिळतो.

जाहिराती शोधायच्या तर टेक्सास ए अँड एमचा वन्यजीव-मत्स्य जॉब बोर्ड हा सगळ्यात मोठा अड्डा, त्यात ग्रॅज्युएट असिस्टंटशिपचा वेगळा भाग आहे. शिवाय प्रोफेसरांची स्वतःची लॅबची पानं, तिथे 'प्रॉस्पेक्टिव्ह स्टुडंट्स' म्हणून एक कोपरा असतो आणि लोक तो वाचतच नाहीत. कोलोराडो स्टेट, यूटा स्टेट, आयडाहो, ओरेगन स्टेट, विस्कॉन्सिन-स्टीव्हन्स पॉइंट, पर्ड्यू, न्यूयॉर्क राज्यातलं सिराक्यूजचं ईएसएफ (पर्यावरण आणि वनशास्त्राचं कॉलेज), इथे नॅचरल रिसोर्सेसची मोठी कॉलेजं किंवा डिपार्टमेंट आहेत, यांची फॅकल्टी यादी एकेक करून वाचून काढ. कंटाळवाणं काम आहे पण याला पर्याय नाही. आणि २०२५ पासून फेडरल ग्रँट गोठवणं, मध्येच रद्द करणं हे प्रकार झालेत, त्यामुळे प्रोफेसरला न लाजता विचारायचं की पैसा मंजूर होऊन आलाय का प्रपोजल अजून वर पडलंय. 'फंडिंग अपेक्षित आहे' या वाक्यावर नोकरी सोडू नये, तिकीट तर काढूच नये.

आता मेल. मला जे मेल येतात त्यातले बरेचसे 'रिस्पेक्टेड सर' ने सुरू होतात, मी बाई आहे हे पानावर फोटोसकट लिहिलेलं असूनही. मग दोन परिच्छेद निसर्गप्रेम, लहानपणापासून जंगलाची ओढ वगैरे, मग सहा अटॅचमेंट. असला मेल दहा सेकंदात बंद होतो. त्याऐवजी सात-आठ ओळी लिही, इंग्रजीत अर्थातच. पहिल्या ओळीत तू कोण आणि कधीपासून येऊ शकतोस. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत त्यांच्या एखाद्या पेपरमधली एक नेमकी गोष्ट आणि त्यावर तुझा एक खरा प्रश्न, कौतुक नको, प्रश्न. मग तू स्वतःच्या हाताने काय केलंयस ते आकड्यांसकट. म्हणजे 'मला नर्सरी टेक्निक्सचा अनुभव आहे' हे लिहू नकोस, 'खैराच्या बियांना चार वेगवेगळ्या प्रक्रिया देऊन उगवण मोजली, प्रत्येकीची इतकी रोपं, इतके आठवडे, डेटाचं ॲनालिसिस आर मध्ये मी केलं' असं लिही (आर म्हणजे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर). तुमच्या फॉरेस्ट्री वर्क एक्सपीरियन्समध्ये केलेलं प्लॉट टाकणं (म्हणजे मोजणीसाठी जंगलातले ठरावीक तुकडे आखणं), घेर मोजणं, लोकांच्या मुलाखती, हे सगळं इथे सोनं आहे आणि तुम्ही ते सीव्हीत एका ओळीत उरकता. छातीच्या उंचीचा व्यास तुम्ही १.३७ मीटरवर मोजता, इथेही तिथेच मोजतात, म्हणजे येणारं काम तुला येतंय, फक्त ते सांगता आलं पाहिजे. शेवटी दोन पानी सीव्ही जोडायचा आणि विचारायचं की पुढच्या वर्षी एमएससाठी फंडेड जागा आहे का. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण कर, मग सोडून दे.

कॉल झाला तर एक प्रश्न असा येतो की ज्याची तयारी आपली मुलं करत नाहीत: गाडी चालवता येते का. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात 'व्हॅलिड ड्रायव्हर्स लायसन्स' लिहिलेलं असतं ना, ते शोभेला नसतं. फील्ड साइट शहरापासून दोन-तीन तासांवर, पुढे कच्चा रस्ता, युनिव्हर्सिटीचा पिकअप ट्रक, आणि तू नुसता बाइकवाला असशील तर प्रोफेसरच्या कपाळावर आठी पडते. आत्ता शेवटच्या वर्षात आहेस तर चारचाकीचं लायसन्स काढ आणि नुसतं काढू नकोस, चालव. इथे आल्यावर राज्याचं वेगळं काढावंच लागतं पण हातात सवय असली की ते पटकन होतं.

पैशांचं बोलायला लाजायचं नाही. साधारण वर्षाला २० ते ३० हजार डॉलर अशा ऑफर जास्त दिसतात पण नुसत्या आकड्याला अर्थ नाही. तो नऊ महिन्यांचा आहे का बारा महिन्यांचा, ट्युशन पूर्ण माफ आहे का फक्त बाहेरच्या राज्याचा जास्तीचा भाग माफ आहे, 'फीज' म्हणून वेगळं जे असतं ते कोण भरतं (हे सेमिस्टरला हजार डॉलरच्या पुढेही जाऊ शकतं आणि ऑफर लेटरमध्ये कुणी ठळक लिहीत नाही), हेल्थ इन्शुरन्स आत आहे का, आणि दुसऱ्या वर्षीचा पैसा त्याच ग्रँटचा आहे का टीचिंग असिस्टंटशिपवर ढकलणार आहेत. हे सगळं मेलवर लेखी घे. असिस्टंटशिप बहुतेक ठिकाणी आठवड्याला २० तासांची असते आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर कामाची मर्यादाही तेवढीच, म्हणजे वर आणखी पार्ट टाइम करून पैसे जोडेन हा हिशोब डोक्यातून काढ. ऑफर लेटर असलं की आय-२० साठी (व्हिसाकरता युनिव्हर्सिटी देते तो कागद) तेवढी रक्कम बँकेत दाखवावी लागत नाही, राहिलेला फरक फक्त दाखवायचा. स्वतःच्या खिशातून सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर, व्हिसा फी, विमान, आणि पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना लागतो तोवरचं भाडं-डिपॉझिट, एवढी सोय घरून करून जायची. आणि टॅक्स भरताना एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते, भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट, घेता येतं, बाकी बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही, तर ते सोडू नकोस.

आता प्रत्यक्ष थेसिस. याच्याबद्दल कुणी नीट सांगत नाही म्हणून इथे जरा थांबते. दोन वर्षांत तू जंगल वाचवणार नाहीयेस, तू एक छोटा प्रश्न नीट सोडवणार आहेस. आगीचंच उदाहरण घे. कोलोराडोत २००२ साली हेमन फायर लागली, सुमारे १ लाख ३८ हजार एकर जळालं, मोठमोठ्या पट्ट्यांत एकही पॉन्डेरोसा पाइन जिवंत राहिला नाही. आता 'आगीनंतर जंगल परत येतंय का' हा प्रश्न घेऊन आलास तर ॲडव्हायझर हसून परत पाठवेल. त्याचा थेसिस होतो तो असा: पॉन्डेरोसाचं बी जड असतं, पंख असूनही फार लांब उडत नाही, मग सगळ्यात जवळच्या जिवंत झाडापासून अंतर वाढेल तशी रोपांची संख्या किती झपाट्याने घटते, आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या, जास्त तापणाऱ्या उतारावर ही घट आणखी वाईट आहे का. एवढंच. यातच दोन उन्हाळे जातात.

आणि हे मोजायचं म्हणजे काय, तर गुडघ्यांवर बसून गवत बाजूला करत रोप शोधायचं, कारण पाच-सहा वर्षांचं रोपसुद्धा वीतभर असतं, मग त्याच्या खोडावरच्या कळ्यांच्या जुन्या खुणा आणि फांद्यांचे पेरे मोजून वय काढायचं, जिवंत झाडापर्यंतचं अंतर लेझरने घ्यायचं, उताराची दिशा होकायंत्राने, आणि बऱ्याच प्लॉटमध्ये उत्तर शून्य. शून्य, शून्य, शून्य असा अख्खा दिवस भरतो आणि तोच डेटा असतो, ते शून्य नोंदवताना कंटाळा करायचा नाही कारण सगळी गोष्टच त्या शून्यांची आहे.

यात नवखी मुलं कुठे अडकतात तर डिझाइनमध्ये. समजा तू एकाच आगीच्या क्षेत्रात साठ प्लॉट टाकलेस, तर तुला वाटतं सॅम्पल साठ. 'आगींनंतर असं होतं' असं म्हणायचं असेल तर तुझं सॅम्पल एक आहे, कारण आग एकच आहे. हर्लबर्टने १९८४ साली यावर पेपर लिहून या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन (खोटी पुनरावृत्ती) असं नाव दिलं आणि तेव्हापासून प्रत्येक डिफेन्समध्ये, म्हणजे थेसिसच्या तोंडी परीक्षेत, कमिटीतला एक तरी माणूस हेच विचारतो. तेव्हा चार आगी घे, प्रत्येकीत पंधरा प्लॉट, आणि मॉडेलमध्ये आग हा रँडम इफेक्ट टाक, म्हणजे एकेका आगीमुळे पडणारा फरक वेगळा धरला जातो. हे फील्डला जाण्याआधी ठरलं पाहिजे, नंतर स्टॅटिस्टिक्सवाल्या प्रोफेसरकडे रडत जाऊन उपयोग नसतो, तो फक्त पोस्टमॉर्टेम करून देतो. म्हणून पहिल्या सेमिस्टरला काहीही करून स्टॅटिस्टिक्सचा एक दमदार कोर्स घे आणि भारतातून निघण्याआधी आर शिकायला लाग. साधारण तीस क्रेडिट असतात, त्यातले काही थेसिसचेच. कमिटीत ॲडव्हायझर धरून तीन माणसं, पहिल्या वर्षात प्रपोजल मान्य करून घ्यायचं, शेवटी डिफेन्स.

ॲडव्हायझर कसा आहे हे कळायचा एकच मार्ग, त्याच्या आत्ताच्या आणि आधीच्या स्टुडंट्सशी बोलायचं, तो नसताना. किती जण अडीच वर्षांत बाहेर पडले, ड्राफ्ट परत यायला किती दिवस लागतात, फील्डमध्ये मदतीला टेक्निशियन मिळतो का एकट्याने जावं लागतं. मुलगी असशील तर रिमोट साइटवर राहायची व्यवस्था काय हेही. कुणी बोलायलाच तयार नसेल तर ते उत्तरच आहे.

बऱ्याच जणांचा पुढचा प्रश्न असतो की डिग्री अमेरिकेची आणि काम सह्याद्रीत असं जमेल का, देवरायांवर, सड्यांवर, कोयनेत. मनातून मलाही हे आवडतं पण मास्टर्सला सहसा नको. ग्रँट इथल्या राज्याच्या कामाची असते, ती तुला आंबा घाटात खर्चता येत नाही. शिवाय अभयारण्यात रिसर्च करायचा तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली परवानगी, तिची फाइल नागपूरला, आणि नमुने देशाबाहेर न्यायचे तर जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची वेगळी मंजुरी. हे सगळं रीतसर होतं, पण दोन वर्षांच्या डिग्रीत सहा-आठ महिने फाइलच्या मागे गेले तर उरतं काय. ते पीएचडीला ठेव.

आणि नंतर काय, तर इथे तुला कुणी गोड बोलून फसवू नये म्हणून स्पष्ट लिहिते. यूएस फॉरेस्ट सर्व्हिस, नॅशनल पार्क सर्व्हिस या फेडरल (केंद्र सरकारच्या) नोकऱ्या जवळजवळ सगळ्याच फक्त अमेरिकन नागरिकांसाठी असतात, आणि फील्डमधले तुझे अमेरिकन सोबती नेमके तिथेच जातात. राज्यांची खाती व्हिसा स्पॉन्सर करायला सहसा तयार नसतात. उरतात युनिव्हर्सिटीतली रिसर्चची पदं, कन्सल्टिंग कंपन्या, लाकूड कंपन्या, जीआयएस-रिमोट सेन्सिंगचं (नकाशे आणि उपग्रहाच्या चित्रांचं) काम, आणि पीएचडी. ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर त्याच विद्यार्थी व्हिसावर काम करायची परवानगी, १२ महिन्यांचं, वर कोर्स स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणित) असेल तर आणखी २४ महिने, पण नॅचरल रिसोर्सेसमधले सगळे कोर्स स्टेममध्ये बसतातच असं नाही, ते आय-२० वरच्या सीआयपी कोडवरून (कोर्सच्या विषयाचा सरकारी क्रमांक) ठरतं, तेव्हा तो कोड ऑफर स्वीकारायच्या आधी विचारून घे. परत येऊन आयएफएस (भारतीय वन सेवा) किंवा एमपीएससीतून आरएफओ (वनक्षेत्रपाल) व्हायचं असेल तर त्या परीक्षांना बीएस्सी पुरते, थेसिसचे मार्क मिळत नाहीत, मग ही दोन वर्षं अभ्यासालाच दिलेली बरी.

देशातही रस्ते आहेत आणि ते दुय्यम नाहीत. देहरादूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेचा वाइल्डलाइफ बायॉलॉजीचा मास्टर्स, यांची मुलं पुढे परदेशात पीएचडीला थेट जातात आणि फील्डच्या बाबतीत माझ्यापेक्षा तयार असतात. तिथे प्रवेश दरवर्षी निघेलच असं नाही, जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं. ज्यांची बीएस्सी तीन वर्षांची आहे, बॉटनी-झूऑलॉजीवाले, त्यांनी तर आधी हेच बघावं कारण अमेरिकेतल्या बऱ्याच ग्रॅज्युएट स्कूल चार वर्षांची पदवी मागतात. तुझी फॉरेस्ट्री चार वर्षांची आहे, तुला तो अडथळा नाही. साडेसात सीजीपीएही ठीक आहे, बहुतेक ठिकाणी चारपैकी तीन एवढी किमान अट असते, रूपांतर ते त्यांच्या पद्धतीने करतात. जीआरई ही प्रवेश परीक्षा खूप ठिकाणी बंद झालीय, टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मात्र लागते.

वेळापत्रक असं धर. पुढच्या ऑगस्टला जायचं तर जाहिराती यंदाच्या ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत येतात, काही प्रोफेसर मे मध्येच बोलावतात म्हणजे क्लास सुरू व्हायच्या आधी एक फील्ड सीझन हातात येतो, तसली जागा मिळाली तर सोडू नकोस. जून-जुलैत पेपर वाचून वीस-पंचवीस प्रोफेसरांची स्वतःची यादी कर, ऑगस्टमध्ये टोफेल उरक, गणपती झाले की मेल सुरू. रेफरन्स देणाऱ्या सरांना आधीच विचारून ठेव, आणि ज्यांनी तुला शेतात-जंगलात काम करताना पाहिलंय त्यांचंच पत्र घे, डीनचं नको. मुंबईच्या व्हिसा तारखा उन्हाळ्यात मिळायला त्रास होतो, आय-२० हातात आला की त्याच दिवशी स्लॉट शोधायला बस.